झुंबर मास्तरची विहीर

वाचनालयाच्या पायऱ्यांवरच वैजनाथनं बहिणीला थांबवलं, खिशातून नवी कोरी डबी काढली आणि चष्मा स्वतःच्या हातानं तिच्या नाकावर चढवला. एक काडी कानामागे बसेना. पदर जरा सारून त्यानं तीही बसवली, दोन पावलं मागे सरला आणि ओळखपरेडीतल्या माणसाकडे बघावं तसा तिच्याकडे बघत राहिला.

"हं. आता सबब न्हाई, अक्का. दर येळंला तुझा चष्मा घरी राहतो."

"लई जड हाय रं ह्यो."

"सवय व्हईल. आज तुला वाचायचं हाय."

लंकाबाईनं काखेतलं लाल फडक्यातलं बोचकं घट्ट धरलं. मागच्या महिन्यात डोळ्यांच्या शिबिरात डोळे तपासणाऱ्या पोरीनं तिला अक्षरांच्या जागी त्रिशुळासारख्या खुणांची पाटी दाखवली होती. दाते कुठल्या बाजूला आहेत तेवढं बोटानं दाखवायचं. वैजनाथ नेमका तेव्हा बाहेर चहा प्यायला गेला होता, म्हणून निभावलं. आज तो काही चहाला जाणार नव्हता.

कारण लंकाबाईला वाचता येत नव्हतं. आजच नव्हे, कधीच येत नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांत ती शाळेच्या पायरीला फक्त मतदानापुरती शिवली होती. घरात सुनेला हे ठाऊक होतं, नातवंडांना ठाऊक होतं, पण म्हातारी अडाणी आहे ही काय गावभर सांगत सुटायची बातमी आहे? ज्याला ठाऊक नव्हतं असा एकच माणूस होता, आणि तो आत्ता तिचा हात धरून तिला जिना चढवत होता.

"सावकाश, अक्का. पायरी उंच हाय."

वरच्या मजल्यावर रणखांब दालन. उत्तमराव रणखांब मूळचे शेवगावचे. सत्त्याऐंशी रहस्यकथा लिहिल्या त्यांनी, आणि त्यातल्या निम्म्याअधिक गोष्टींत खुनी शोधून काढला तो झुंबर मास्तरनं, म्हणजे चित्रकलेच्या एका रिटायर शिक्षकानं, काखेत छत्री आणि हातात बॅटरी घेऊन. एके काळी या जिल्ह्यात एस. टी. स्टँडवर उभं राहून कुणी पुस्तक वाचत असेल तर ते रणखांबांचंच, असं जुनी माणसं सांगतात. आता काचेच्या कपाटांत त्यांची वेताची खुर्ची होती, दोन शाईपेन, एका कानाचा थर्मास आणि एस. टी.ची तिकिटं. गाडीत बसल्या बसल्या काही सुचलं की उत्तमराव तिकिटाच्या पाठीवर टिपून ठेवायचे. एका तिकिटावर नुसतं 'विष चहात नको, पानात' एवढंच होतं.

वैजनाथ ते वाचून मोठ्यानं हसला. हवालदार म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस, पण या खोलीत आल्यापासून त्याचं वय घसरत चाललं होतं. या कपाटापासून त्या कपाटाकडे तो जत्रेतल्या पोरासारखा हिंडत होता.

दालन सांभाळणारी जया पुढे आली. तिशीची, चुणचुणीत, गळ्यात किल्ली.

"तुम्हीच फोन केला होता ना काका? प्रत आणणार म्हणून?"

"मीच. अन् ही माझी अक्का. मॅडम, तुम्ही मोबाईलवर टाकलं होतं ना, जुन्या वाचकांनी यावं, एक पान वाचून दाखवावं, आवाज जपून ठेवणार म्हणून? तर हिच्याइतकी जुनी वाचक तुम्हाला मिळायची न्हाई."

"या ना आजी, बसा."

लंकाबाई बसली. बोचकं मांडीवर.

"आम्ही तवा कारखान्यावर होतो, ऊसतोडीला," वैजनाथ उभ्यानंच सांगू लागला. हे त्यानं पोलीस लायनीत, पोराच्या लग्नात, आता राहतो त्या नागापूरच्या कॉलनीतल्या बाकड्यावर कितीदा सांगितलं असेल याला गणती नाही. "मी सात वर्षांचा. आई-बाप फडात, अक्का बी फडात, सतरा वर्षांची. दिवसभर कोयता हाणून सांजच्याला कोपीवर, म्हंजे आमच्या पाचटाच्या झोपडीवर, यायची, चूल पेटवायची, अन् भाकरी थापून झाली की ह्ये पुस्तक उघडायची. पहिल्यांदा मी एकटाच ऐकायला. मग शेजारच्या कोपीतली पोरं. मग बाया. दिवाळी सरता सरता आख्खी टोळी यायला लागली. मुकादमसुद्धा लांब बिडी वढत उभा राहायचा. अन् एकदम रंगात आली की पुस्तक मिटायची. 'पुढचं उद्या. कोपीतनं हलला न्हाईस तर.' काय जीव जळायचा, मॅडम!"

जया हसली. लंकाबाईनं मान खाली घातली.

तो का हलायला नको होता हे मात्र त्याला कधी कळलं नव्हतं. त्या साली हंगामाच्या तोंडालाच टोळीतल्या एकीचं लेकरू उसाच्या गाडीखाली आलं होतं. आई-बापाच्या मागं फडाकडे पळालेलं. वैजाही तसाच पळायचा. त्याला दोरीनं कोपीच्या मेढीला बांधून बघितलं, मारून बघितलं. मग एका बाजारी लंकाबाईनं हे पुस्तक आणलं, कव्हरावर बॅटरीवाला माणूस होता म्हणून. विकणारा म्हणाला, झुंबर मास्तरची गोष्ट हाय, खून हाय त्यात. तेवढ्या भांडवलावर तिनं पाच महिने काढले. पोरगं दिवसभर कोपीत बसून राहायचं, सांज व्हायची वाट बघत.

"अन् पुरवून वाचायची किती!" वैजनाथ म्हणाला. "एक पान दोन-दोन आठवडे."

"दोन आठवडे? एक पान?" जयाला हसू आवरेना. "केवढं मोठं पान होतं, आजी?"

"मोठं हुतं," लंकाबाई पुटपुटली.

"त्या पुस्तकापायी मी शाळेत गेलो, बघा. पुढच्या साली हिचं लग्न झालं अन् मी नगरला वसतिगृहात. अक्कासारखं वाचायचं, एवढं एकच डोक्यात. रणखांबांची पुढं मिळतील तेवढी वाचली मी, पण ह्ये पुस्तक कुठं घावलं न्हाई. हिच्याजवळच राहिलं. पोथीवानी गुंडाळून ठेवलंय, मला बी कधी हात लावू दिला न्हाई." त्यानं बहिणीकडे बोट दाखवलं. "तशी अक्का माझी धोरणीच. वसतिगृहातनं अकरा पत्रं धाडली मी हिला, आधी थोरल्या पोरांकडनं लिहून घेऊन, मग सोता. एकाचं उत्तर न्हाई."

हे तो नेहमी हसत सांगायचा. आताही हसलाच. पण भाऊबीजेला यायचं, ओवाळून घ्यायचं आणि चहा पिऊन पहिल्या गाडीनं परत निघायचं, मुक्कामाला म्हणून कधी राहायचं नाही, हे त्या अकरा पत्रांपासून चालत आलं होतं. लंकाबाईला ते कळत होतं. सुनेलासुद्धा कळत होतं.

वैजनाथ भिंतीकडे वळला आणि ओरडलाच.

"अक्का! ह्येच! ह्येच की ते!"

भिंतीवर कव्हरांची चित्रं मोठी करून लावली होती. एकावर छत्रीवाला माणूस वाकून उभा, बॅटरीचा पिवळा झोत खाली काळ्या पाण्यावर.

"'सातव्या धक्क्यावरचा माणूस'," जयानं वाचलं. "हीच प्रत आणलीत तुम्ही? काका, ही कुठेच मिळत नाही! आमच्याकडे नुसती झेरॉक्स आहे."

"ह्येच. विहिरीवर उभा हाय बघा मास्तर. आत उतरायच्या आधी."

"विहीर नाही हो. तो मुंबईचा धक्का आहे. समुद्र आहे खाली."

"समुद्र?" वैजनाथनं स्वतःचा चष्मा काढून पुसला. "मग मुकादमाला ढकलून दिलेला असतो ती विहीर कुठली? उसाच्या फडातली?"

"या गोष्टीत मुकादम नाही, काका. ऊसही नाही. सोन्याच्या तस्करीची आहे ही. खून बोटीवर होतो."

"तुमी दुसरी कुठली तरी सांगताय."

"मी परवाच वाचलीय."

 वैजनाथनं भिंतीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.  त्या चित्रातल्या काळ्या पाण्याला लंकाबाईनं विहीर धरलं होतं. समुद्र तिनं तेव्हाही पाहिला नव्हता आणि अजूनही नाही.

"वैजा, मला मळमळतंय. खाली जाऊ."

"थांब, पाणी पी आधी." त्यानं बाटली दिली आणि त्याच हातानं मांडीवरचं बोचकं उचलून जयाकडे दिलं. "बघा तुमीच. पुस्तक खोटं बोलायचं न्हाई."

जयानं टेबलावर फडकं सोडलं. पुस्तक जपून उघडलं, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग ते नाकाजवळ धरून वरून कडा बघितली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अय्या! काका, हे बघा तरी! पानं कापलेलीच नाहीत!"

"म्हंजे?"

"पूर्वी अशी पुस्तकं यायची. छापलेला मोठा कागद घडी घालून तसाच शिवायचे. वाचणाऱ्यानं घरी सुरी घेऊन कडा कापायच्या, तेव्हा आतली पानं सुटी होणार. ही बघा, सोळा पानांची घडी, बाहेरून एकच जाड पान वाटतं. अशा दहा घड्या. एकीलाही सुरी लागलेली नाही." आनंदाच्या भरात तिला भान राहिलं नाही. "संग्रहवाले अशा प्रतीसाठी जीव टाकतात. म्हणजे हे पुस्तक कुणी कधी वाचलेलंच नाही!"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. 

वैजनाथनं पुस्तक हातात घेतलं. अंगठा कडेवरून फिरवला. जाड पान उचललं, घडीत बोट घालून फाकवलं आणि आत डोकावला. आतली अक्षरं सत्तावन्न वर्षं अंधारात होती, पांढऱ्या कागदावर अजून काळी कुळकुळीत. दुसरी घडी. तिसरी. मोजत असावा. दहा घड्या, पाच महिने.

लंकाबाई त्याच्या अंगठ्याकडे बघत होती. पुस्तकाची पानं कापायची असतात हे तिला आज कळत होतं. तिला वाटायचं, पानं अशीच जाड असतात, गोधडीसारखी पदर लावून शिवलेली.

"मॅडम," वैजनाथ खाकरला, "ही दुसरी प्रत दिसती. वाचलेली घरी राहिली आसंल. आमच्या अक्काजवळ दोन हुत्या."

तीस वर्षं लोकांच्या खोट्या साक्षी ऐकल्या, पण गड्याला स्वतःला खोटं बोलायला जमत नव्हतं. कान लालभडक झाले होते. जयानं ते पाहिलं आणि भली पोरगी, मान हलवली.

"असेल असेल. हरकत नाही. आजी, तुम्ही ही झेरॉक्स घ्या, अक्षर मोठं आहे. कुठलंही पान चालेल." तिनं मोबाईल टेबलावर ठेवून चालू केला.

"ऱ्हाऊ द्या," वैजनाथ घाईनं म्हणाला. "तिला बरं वाटत न्हाई. पुढल्या येळंला आणतो मी तिला."

वाट मोकळी होती. उठायचं, जिना उतरायचा, गाडीत बसायचं. तो वाटेत एक शब्दही विचारणार नाही हे लंकाबाईला कळून चुकलं. भाऊबीजेला येईल, ओवाळून घेईल, चहा पिऊन निघून जाईल. आणि 'अक्कानं वाचून दाखवलं म्हणून मी शिकलो' असं आता कुणाला सांगणारही नाही.

तिनं चष्मा काढला, नीट मिटून डबीत ठेवला.

"वैजा, मला वाचता येत न्हाई. कधीच येत नव्हतं. ती गोष्ट माझ्या मनाचीच हुती, सगळी."

वैजनाथ बाकावर बसला. आता पुस्तकाचं विचारेल असं तिला वाटलं होतं.

"मग माझी पत्रं?" त्यानं विचारलं.

"रामहरी पोस्टमन वाचून दाखवायचा. आमच्या वट्यावर बसून."

"अन् उत्तर?" त्याचा आवाज एकदम चढला. जया दचकली. "त्यालाच लिहायला सांगायचं की! दोन वळी! दर रविवारी गुरुजी टपाल वाटायचे, अक्का. सगळ्या पोरांची नावं घ्यायचे. मी दारात उभा. आख्खं साल उभा राहिलो मी. मला वाटलं, लगीन करून गेली, इसरली मला. छप्पन्न वर्षं मला तसंच वाटत आलंय!"

 लंकाबाई बोलली तेव्हा आवाज तिचा नव्हता. कुणी तरी सावकाश, हेल काढत वाचतंय असा होता, वट्यावर बसून वाचणाऱ्या पोस्टमनचा.

"'तीर्थस्वरूप अक्कास वैजनाथचा साष्टांग नमस्कार. मी इथे खुशाल आहे. इथे मला करमत नाही. पोरे मला कोयत्या म्हणतात. भाजीत अळ्या असतात. रोज वाटते पळून यावे. पण तुझ्यासारखे भडाभडा वाचायला यायचे आहे, म्हणून राहतो. तू शिकलीस तर मी पण शिकेन.'"



"ह्ये पहिलं," ती आपल्या आवाजात म्हणाली. "अकराच्या अकरा म्हणून दावते. रामहरीकडनं चार-चारदा वाचून घेतली हायेत. तू सांग आता, कुणाच्या हातनं लिहिणार हुते मी? रामहरीचं अक्षर साऱ्या पंचक्रोशीला ठाव. तू इचारलं असतंस, अक्कानं सोता का न्हाई लिहिलं? अक्का अडाणी हाय म्हणल्यावर तू कशापायी राहिला असतास तिथं, अळ्या खात? आला असतास पळून. कोयता धरला असतास. म्हणून बसले दातखीळ बसल्यावानी. लई रडले रं, वैजा. पण उत्तर धाडलं न्हाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. जया पाठ फिरवून स्वच्छच असलेली काच पुसू लागली. मोबाईल बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

वैजनाथ म्हणाला, "प्रत्येक पत्राच्या खाली मी काय तरी लिहायचो."

"'ता. क. मास्तर विहिरीत उतरल्यावर पुढे काय झाले ते कळव.'" ती लगेच म्हणाली. "अकरा येळा. तुझं बी डोस्कं एक."

"कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला, टोळी गावाकडं निघाली, अन् गोष्ट तिथंच राहिली हुती." तो हसायला गेला, पण त्याला ते नीट जमलं नाही. खिशातला पेन त्यानं काढला. टेबलावर अभिप्रायाची वही उघडीच होती. मान्यवरांनी 'स्तुत्य उपक्रम' असं लिहून सह्या ठोकलेल्या. त्यानं कोरं पान काढलं, वही मांडीवर घेतली आणि वरच्या कोपऱ्यात तारीख घातली.

"हं. सांग."

"काय सांगू?"

"उत्तर. तू सांग, मी लिहितो."

"आरं, लोकांची वही हाय ती."

"लिहू द्या, आजी," जया काचेकडे तोंड करूनच म्हणाली.

लंकाबाईनं दोन्ही हात मांडीवर घेतले. समोर काही तरी उघडं धरावं तसे तळवे आपोआप वर झाले. असंच तर ती बसायची, चुलीच्या उजेडात.

"चिरंजीव वैजनाथास अक्काचा आशीर्वाद," ती म्हणाली. "पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला. शाळा सोडू नगंस. पोरं काय म्हंतील तिकडं ध्यान देऊ नगंस."

पेन कागदावर करकरत होता. 'शाळा सोडू नगंस' पाशी त्याला थांबावं लागलं. त्यानं डोळे मनगटाला पुसले आणि पुन्हा लिहू लागला.

"आता मास्तरचं सांग."

"मास्तर विहिरीत उतरला. पाणी गुडघ्याइतकंच हुतं. बॅटरी लावून बघतो तर आतल्या कपारीत एक पितळी डबा. डबा उघडायला गेला, अन् तेवढ्यात वरनं कुणी तरी दोर कापला."

"कुणी?"

लंकाबाईनं तळवे मिटले.

"पुढचं उद्या," ती म्हणाली. "हलला न्हाईस तर."

वैजनाथनं तेही लिहून घेतलं.